एका क्वार्टरबॅकपायी किती गहाण टाकायचं?

हडसनकाठचा

११ सप्टेंबर २०२३, सोमवारची रात्र. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या न्यूयॉर्क जेट्सचा नवा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला आणि मेटलाइफ स्टेडियम असं गरजलं की आम्हाला घरी टीव्हीचा आवाज कमी करावा लागला. (न्यू जर्सीत राहून जेट्सचा चाहता असणं ही निष्काम भक्ती आहे, फळाची आशा धरायची नाही.) बायकोने चहा टाकला. तो उकळायच्या आत, चौथ्याच स्नॅपला (म्हणजे चौथ्याच चालीला), बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडने रॉजर्सला आडवा केला. उठला, दोन पावलं टाकली आणि परत खाली बसला. डाव्या पायाचं अकिलीस टेंडन तुटलं होतं. हंगाम संपला. तो सामना जेट्सने जादा वेळेत २२-१६ असा जिंकला, हे आता कुणाला आठवतही नाही. हंगामाचा हिशोब ७-१०, म्हणजे सात विजय, दहा पराभव.

सगळे म्हणाले, नशीब फुटकं. मला ते पटत नाही. त्याला ग्रीन बेहून आणताना नुसता नवरदेव आणला नाही, अख्खी वरात आणली. त्याच्या मर्जीतले नॅथॅनियल हॅकेट आक्रमणाचे प्रशिक्षक झाले, जुने सोबती ॲलन लझार्ड आणि रँडल कॉब आले. बरं, हेच हॅकेट २०२२ मध्ये डेन्व्हरला रसेल विल्सनचे मुख्य प्रशिक्षक होते आणि हंगाम संपायच्या आतच त्यांना नारळ मिळाला होता. एवढं सगळं केलं, पण ३९ वर्षांच्या माणसाला काही झालं तर कोण, याचं उत्तर काय होतं? झॅक विल्सन. ज्याला आदल्याच वर्षी बाकावर बसवला होता, तोच.

डेन्व्हरचं तर विचारूच नका. ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) दोन पहिल्या फेरीच्या निवडी, दोन दुसऱ्या फेरीच्या, एक पाचव्या फेरीची, वर तीन खेळाडू, एवढं सिॲटलला देऊन रसेल विल्सन आणला. त्याने डेन्व्हरसाठी एक चेंडू फेकण्याआधीच २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला. पहिल्या वर्षी ५-१२. दोन हंगामांत त्याला सोडून दिलं आणि न खेळणाऱ्या माणसापायी सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) साडेआठ कोटींचा बोजा राहिला. तिकडे सिॲटल त्याच्या जुन्या बॅकअपला, जिनो स्मिथला, घेऊन त्याच वर्षी प्लेऑफला (साखळीनंतरच्या बाद फेरीला) गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. क्वार्टरबॅकला देव मानण्यात संघांचं वाटोळं होतं. ५३ जणांचा संघ असतो आणि कॅप सगळ्यांना मिळून एकच असते. एकाच्या ताटात एवढं वाढलं की बाकीच्या पंगतीला काय उरणार?

मंगळवारची पहाट

नाशिकहून लिहितोय. तुमची सोमवारची रात्र ती आमची मंगळवारची पहाट, पावणेसहाला उठून पाहतो. त्यामुळे माझ्या झोपेच्या खर्चाने बोलायचा अधिकार मला आहे :)

साफ असहमत. तुम्ही फसलेली दोन लग्नं दाखवून लग्नसंस्थाच मोडीत काढताय. २०१० मध्ये पेटन मॅनिंग असताना इंडियानापोलिस १०-६. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो वर्षभर बाहेर, आणि संघ २-१४! बाकीचा संघ बराचसा तोच. मग डेन्व्हरने मॅनिंगला घेतलं, आणि ८-८ वाले एका वर्षात १३-३ झाले. याला देव नाही तर काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

टॉम ब्रेडी न्यू इंग्लंड सोडून २०२० मध्ये टॅम्पा बेला गेला. टॅम्पाने २००७ नंतर प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, ३१-९. आणि न्यू इंग्लंड? ७-९. एक माणूस इकडून तिकडे गेला, बस.

नेतृत्वाचंही सांगतो. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो, पण प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. पुढे तो आणि समोर अकरा जण. बचाव ओळखायचा, चाल बदलायची, दहा जणांना ओरडून सांगायचं. ते पंधरा सेकंद ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) सांभाळते का हो?

हडसनकाठचा

@मंगळवारची पहाट, मॅनिंगचं पुढचं पान का उलटलं नाहीत? २०१५ च्या हंगामात त्याचे ९ टचडाउन (गुण देणाऱ्या फेकी) आणि १७ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेल्या फेकी) होते. तरी डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, २४-१०. त्या सामन्यात त्याने १४१ यार्ड फेकले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला व्हॉन मिलर, बचावाचा माणूस.

आणि ब्रेडीचंच उदाहरण घ्यायचं तर २००८ घ्या. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. मॅट कॅसल आला, ज्याने शाळा सुटल्यापासून एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती. संघ ११-५!

मंगळवारची पहाट

आदल्या वर्षी ब्रेडीसह १६-०. कॅसलसह ११-५ आणि प्लेऑफ नाही. तुम्ही याला पुरावा म्हणता, आम्ही याला पाच पराभव म्हणतो.

खडूस आजोबा

क्वार्टरबॅकवर बोला, कॅपवर बोला, पण ज्यावर खेळतात त्यावर कुणी बोलू नका. मेटलाइफला कृत्रिम गवत. खेळाडूंची संघटना कंठशोष करतेय की खरी हिरवळ द्या, मालक ऐकत नाहीत. आणि २०२६ च्या विश्वचषकाला फिफाने खरं गवत हवं म्हटलं की त्याच मैदानांवर मुकाट्याने हिरवळ घालायला तयार! पाहुण्यांना गादी आणि घरच्यांना सतरंजी. चालू द्या तुमचं.

डेट्रॉइटकर

दोघंही ट्रेड (संघांमधली खेळाडूंची देवाणघेवाण) म्हणजे फक्त आणणाऱ्याच्या बाजूने बघताय. आमच्याकडे या. मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइटला बारा हंगाम खेळला, हाडं मोडून घेतली, प्लेऑफचा एक सामना जिंकला नाही. २०२१ मध्ये तो रॅम्सला गेला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. मी घरी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. माहेरी ज्या मुलीचं काही केलं नाही, तिचं सासरी बरं झालं, असं वाटलं.

बदल्यात आम्हाला दोन पहिल्या फेरीच्या निवडी, एक तिसरी आणि जॅरेड गॉफ. गॉफ म्हणजे किलोभर वांग्यांवर टाकलेली कोथिंबीर, असं तेव्हा सगळे समजत होते. रॅम्सनेच त्याला २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला होता, आणि त्यांनीच काढून दिला. पहिल्या वर्षी आम्ही ३-१३-१ (शेवटचा एक बरोबरीचा). ट्रकभर शिव्या खाल्ल्या त्याने. एकदाही जुन्या संघाबद्दल गळा काढला नाही. संघाने घाई केली नाही, आधी लाइन बांधली, मग त्या निवडींची उलाढाल करून जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आणले.

१४ जानेवारी २०२४. प्लेऑफ, आमच्या घरच्या मैदानावर, समोर रॅम्स आणि स्टॅफर्ड. २४-२३. ३२ वर्षांनी प्लेऑफचा विजय. अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाचा जप करत होतं. शेजारचा मिशिगनचा म्हातारा रडत होता, मीही कांदा चिरत नव्हतो.

त्यामुळे हडसनकाठचे साहेब, तुम्ही निम्मे बरोबर. रॅम्सकडे ॲरन डोनाल्ड होता, कूपर कप होता, घर बांधून तयार होतं, फक्त कळस चढवायचा होता. डेन्व्हरने आधी कळस विकत घेतला आणि मग पाया कुठे खणायचा ते शोधत बसले.

खाडीपलीकडची

सॅन फ्रान्सिस्कोची बाजू कुणी घेतच नाहीये, म्हणून मी. आमच्याइतके क्वार्टरबॅक एका वर्षात कुणी वापरले नसतील. तीन पहिल्या फेरीच्या निवडी मोजून २०२१ मध्ये ट्रे लान्स घेतला. २०२२ च्या दुसऱ्या सामन्यात घोटा मोडला. जिमी गारापोलो आला, डिसेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. मग ब्रॉक पर्डी, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली शेवटची, २६२ वी निवड. त्याने थेट एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी आमच्या गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथे आमच्या पहिल्याच चढाईत त्याचं कोपर गेलं. चौथा जॉश जॉन्सन, त्याच्या डोक्याला मार लागला. पर्डी परत आला, पण त्याला चेंडू लांब फेकताच येईना. ३१-७. क्वार्टरबॅक आहे पण फेक नाही, असा सामना मी आयुष्यात पाहिला नाही. पुढच्या हंगामापासून लीगने तिसऱ्या, आणीबाणीच्या क्वार्टरबॅकची मुभा दिली, ती त्यानंतरच.

म्हणजे तीन निवडींचा लान्स आमच्यासाठी जेमतेम चार सामन्यांची सुरुवात करून चौथ्या फेरीच्या एका निवडीला डॅलसला गेला, आणि वर्षाला दहा लाख डॉलरही न घेणारा पर्डी पुढच्या वर्षी सुपर बोलला. काय सिद्ध होतं? मला विचाराल तर काहीच नाही. एवढंच की निवडणाऱ्यांना कळत नाही.

पण मला खरं तर ॲलेक्स स्मिथबद्दल लिहायचंय. तुमच्या धाग्यात नेतृत्व, दुखापत आणि ट्रेड अशा तीन गोष्टी आहेत, त्या तिन्ही एकाच माणसाच्या अंगावर आल्या. २००५ चा पहिला निवडलेला, आमचाच. सात वर्षं धक्के खाऊन २०१२ मध्ये कुठे सूर लागला, तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये डोक्याला मार. त्याच्या जागी कॉलिन कॅपर्निक आला आणि स्मिथ बरा झाला तरी खुर्ची परत मिळाली नाही. संघ सुपर बोलला गेला, हा बाकावर. चूक त्याची काय, तर मार लागला हे लपवलं नाही.

मग त्याला कॅन्सस सिटीला पाठवलं. तो संघ २-१४ होता, त्याच्यासह ११-५ झाला. २०१७ मध्ये त्याच संघाने वर सरकून पॅट्रिक माहोम्स निवडला. कशासाठी, हे स्मिथला कळत नव्हतं का? तरी त्याने वर्षभर त्या पोराला शेजारी बसवून सगळं शिकवलं, आणि स्वतः कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम खेळला. मग पुन्हा ट्रेड, वॉशिंग्टन. १८ नोव्हेंबर २०१८ ला नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. (त्याच संघाच्या जो थाइजमनचा पाय १९८५ मध्ये त्याच तारखेला मोडला होता. दोन्ही सामन्यांचा निकालही २३-२१. अंगावर काटा येतो.) जंतुसंसर्ग झाला, पाय कापायची वेळ आली, १७ शस्त्रक्रिया. ऑक्टोबर २०२० मध्ये तो परत मैदानात उतरला. त्याने सुरुवात केलेल्या सहा सामन्यांपैकी पाच वॉशिंग्टनने जिंकले.

आता सांगा, याच्या नेतृत्वाची किंमत कोणत्या फेरीच्या निवडीत मोजायची?

मंगळवारची पहाट

ताई, वाचून खरंच गप्प बसलो होतो. तरीही बोलतो, राग मानू नका. स्मिथ सोन्यासारखा माणूस. पण कॅन्सस सिटीने खुर्ची माहोम्सला का दिली? कारण स्मिथसह ते प्लेऑफला जायचे आणि घरी यायचे. माहोम्ससह त्यांनी फेब्रुवारी २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन सुपर बोल जिंकले. मधला बराच संघ बदलला, टायरीक हिल विकला, तरी जिंकले. त्याला घेताना पुढच्या वर्षाची पहिली निवड बफेलोला द्यावी लागली होती, तेव्हा लोक नाकं मुरडत होते. चांगुलपणा वेगळा आणि तिसऱ्या डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) पंधरा यार्ड हवे असताना काय होतं ते वेगळं.

हडसनकाठचा

@खाडीपलीकडची, स्मिथबद्दल वाचताना आमचा झॅक विल्सन आठवला. नोव्हेंबर २०२२, न्यू इंग्लंडकडून १०-३ हार. आमच्या बचावाने त्यांच्या आक्रमणाला तीनच गुण दिले होते, बाकीचे सात पंटवर (आम्ही लाथ मारून दूर पाठवलेला चेंडू त्यांनी परत आणला त्यावर) गेले, शेवटच्या काही सेकंदांत. आमच्या आक्रमणाने उत्तरार्धात मिळून दोन यार्ड काढले. यार्ड हो, टचडाउन नाही. नंतर पत्रकारांनी विचारलं, बचावाला तुम्ही तोंडघशी पाडलंत असं वाटतं का? तो नाही म्हणाला. पुढच्या सामन्याला तो बाकावर. ‘हो, चुकलं’ एवढं म्हणाला असता तर ड्रेसिंग रूममधल्या लोकांनी गिळलं असतं. स्मिथसारखा एखादा वडीलधारा त्याच्या शेजारी वेळेवर बसवायला हवा होता, ते आमच्या साहेबांना सुचलं नाही.

माहोम्सचा मुद्दा मान्य. पण तो वर्षभर स्मिथच्या मागे बसला होता आणि समोर प्रशिक्षक अँडी रीड होते, तेही धरा की! असा मुलगा दर वर्षी ड्राफ्टला मिळत नाही. बाकी बत्तीसपैकी निम्मे संघ त्याची नक्कल करायच्या नादात कर्ज काढतात. क्लीव्हलँडने तर तीन पहिल्या फेरीच्या निवडी आणि पूर्ण हमीचे २३ कोटी डॉलर देऊन डेशॉन वॉटसन आणला. २०२३ मध्ये त्यांना प्लेऑफला नेलं ते कुणी? मोसमाच्या मध्यात घरच्या सोफ्यावरून उठवून आणलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोने.

खडूस आजोबा

आणि प्लेऑफमध्ये फ्लॅकोने ह्यूस्टनला दोन इंटरसेप्शन थेट टचडाउनसाठी वाटले, तेही लिहा. सोफा शेवटी सोफाच.

मंगळवारची पहाट

आजोबा, आज पहिल्यांदा आपलं जुळलं.

हडसनकाठचे साहेब, एकच सांगतो. मी पहाटे पावणेसहाला गजर लावून उठतो ते लाइनमधल्या राइट गार्डला बघायला नाही.

हडसनकाठचा

उठत राहा. पण यूट्यूबवर तो चौथा स्नॅप परत एकदा बघा, आणि या वेळी रॉजर्सवरून नजर काढून त्याच्या डाव्या हाताला ठेवा. लेफ्ट टॅकलला, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाला, ड्युएन ब्राउन, वय ३८. फ्लॉइडच्या पायात शिरून त्याला पाडायला वाकला आणि फ्लॉइड त्याला ओलांडून गेला.

मंगळवारची पहाट

पाहिलं. तीनदा. हा ब्राउन मला त्या दिवशी दिसलाच नव्हता.