जुन्या गॅलेक्सी एस४ मध्ये वायरलेस चार्जिंग + एनएफसी, मदत हवी आहे

मंडळी, बाबांचा २०१३ चा सॅमसंग गॅलेक्सी एस४ अजून ठणठणीत आहे पण चार्जिंगचा मायक्रो यूएसबी पोर्ट एवढा ढिला झालाय की केबल विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो, म्हणून म्हटलं सरळ क्यूआय (पॅडवर ठेवून बिनवायरचं) चार्जिंग टाकून देऊ. आता ऑनलाइन दोन प्रकार दिसतायत. एक म्हणजे पोर्टमध्ये खोचायचा पातळ पट्टीवाला रिसीव्हर (पण तो बसणार त्याच ढिल्या पोर्टात, मग काय उपयोग!) आणि दुसरा बॅक कव्हर काढल्यावर बॅटरीशेजारी जे सोनेरी कॉन्टॅक्ट दिसतात त्यांना टेकणारा. मला दुसराच बरा वाटतोय.

पण खरी गोची एनएफसीची (फोन जवळ टेकवून टॅग वगैरे वाचायच्या सोयीची) आहे. या मॉडेलला एनएफसीची अँटेना बॅटरीच्या स्टिकरखालीच असते, त्यामुळे दुकानदाराने साधी लोकल बॅटरी टाकून दिली आणि एनएफसी बंदच पडलं. अँटेनावाली बॅटरी आणेन, पण तिच्यावर चार्जिंगची कॉइल आणि तिच्यामागचा तो काळा फेराइट (चुंबकीय क्षेत्र अडवणारा थर) आला की एनएफसीचा १३.५६ मेगाहर्ट्झचा सिग्नल बाहेर येईल का? कुणी दोन्ही एकत्र बसवलंय का, की दोन्ही कॉइल एकाच शीटवर असलेला रिसीव्हरच घ्यावा लागतो?

आणि हो, नुसता एनएफसी टॅगचा स्टिकर चिकटव असं प्लीज सांगू नका, तो फक्त दुसऱ्या फोनला वाचता येतो, आपला फोन त्याने काही वाचायला लागत नाही. कॉइल लावल्यावर बॅटरी किती तापते तेही सांगा, बाबा फोन उशीशी घेऊन झोपतात.