एमबीएनंतरचा हिशोब : अनुभव धागा

एमबीए होऊन पाच-सात वर्षं झालेल्यांनी लिहावं. उपदेश बराच ऐकून झालाय आणि आत्मचरित्रही नको. आपापल्या धंद्यातला असा एखादा हिशोब द्या, जो वर्गात अर्धाच समजतो. कुठे फसतं तेही सांगा. आकडे गोल केले तरी चालतील.

एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारखा रोजच्या वापराचा माल) विक्री, सातारा-सोलापूर पट्टा

नव्या एरिया मॅनेजरने पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरचा आरओआय, म्हणजे गुंतवलेल्या पैशांवरचा परतावा मांडावा. बहुतेक जण मार्जिनवरच बोलत बसतात. समजा विक्री महिना ३० लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे दीड लाख सुटले. गोडाऊनचं भाडं, टेम्पो, दोन सेल्समन, डिलिव्हरीचा पोरगा यात ७५ हजार गेले. उरले ७५ हजार, वर्षाचे ९ लाख. आता अडकलेले पैसे मोजा : २० दिवसांचा साठा, बाजारात १० दिवसांची उधारी, कंपनीला पैसे आगाऊ. दिवसाला लाखाची विक्री धरली तर ढोबळमानाने ३० लाख. परतावा ३० टक्के, माणूस खूश.

मग हाच माणूस सहा महिन्यांत एजन्सी सोडायची भाषा का करतो? टार्गेटसाठी महिनाअखेरीला त्याच्यावर माल ढकललेला असतो. साठा २० चा ३० दिवसांवर गेला, तो खपवायला दुकानदारांची उधारी १० ची १५ दिवस झाली, म्हणजे ४५ लाख. वर स्कीमचे आणि एक्स्पायरीचे क्लेम, म्हणजे कंपनीने भरून द्यायचे पैसे, अडकलेले ३ लाख. जादाचे १८ लाख सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिटमधून) उचलले असतील तर १० टक्क्यांनी १ लाख ८० हजार व्याज. ९ चे ७ लाख २० हजार राहिले आणि तेही ४८ लाखांवर, म्हणजे १५ टक्के! रिव्ह्यूच्या स्लाइडवर मात्र प्रायमरी सेल, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल, वाढलेला असतो, त्यामुळे टाळ्या. रोज बघायचा तो सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल. क्लेमचे कागद, बॅच नंबर आणि फोटो त्याच महिन्यात चढवायचे. मागचे पुढे ढकलले की पुढच्या माणसाला ते कुणाचे हेच कळत नाही.

सुटे भाग पुरवठादार, चाकण

वरच्या उधारीला जोडून. मोठ्या खरेदीदाराकडून पैसे येईनात की लोक फोनवर विनवण्या करतात. आधी कागद नीट करा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ड्रायव्हरने परत फिरू नये. सगळं प्रकरण त्या शिक्क्यावर उभं असतं. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी कळवायची असते. तीन महिन्यांनी ‘क्वालिटी इश्यू’ निघाला तर हे दाखवा.

व्याज प्रत्यक्षात फार कमी जण मागतात, कारण पुढची ऑर्डर हवी असते. जास्त उपयोगी पडते ती १९६१ च्या आयकर कायद्यातली ४३ब(एच) ही तरतूद, २०२३-२४ पासूनची. मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती केल्यावरच मिळते. फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सला उद्यम प्रमाणपत्रासह (आपल्या एमएसएमई नोंदणीचं) थकबाकीची यादी मेल करा. खरेदी विभागाला नव्हे, अकाउंट्सलाच.

सीए + एमबीए, नाशिक

दुरुस्ती : हे सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना. मध्यम उद्योग यात नाहीत. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य कर्जापुरती, ४५ दिवसांचं संरक्षण त्याला नाही. नोंदणीही माल देण्याआधीची हवी.

घरची फाउंड्री, कोल्हापूर

शिकून आलेली मुलं-मुली शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला घरच्या कारखान्यात बसली की पहिल्यांदा ईआरपीचं (कारखान्याचा सगळा हिशोब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कोटेशन मागवतात. त्याआधी किलोचा दर तपासा. कास्टिंग (ओतीव भाग) किलोवर विकतात, म्हणून खर्चही किलोवर वाटायची सवय असते. घोळ तिथेच.

समजा एक साचा भरायला वाळू, बाइंडर, मजुरी धरून १२० रुपये लागतात. एका साच्यात ५ किलोचे चार नग बसले तर किलोला ६ रुपये. दुसऱ्या पॅटर्नमध्ये (साचा ज्यावरून उठवतात तो नमुना) ५ किलोचे दोनच नग बसतात : किलोला १२. त्यात प्रत्येक नगाला कोअर (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा), म्हणजे कोअरचा खर्च वेगळा आणि फेटलिंगही (जादा धातू काढून साफ करणं) जास्त. दोन्ही एकाच दराने दिले की दुसऱ्यात तोटा. आणि गिऱ्हाईक हुशार असतं, दुसऱ्याचीच ऑर्डर वाढवतं. टनेज वाढतं, भट्टी दोन पाळ्या चालते आणि वर्षअखेरीला शिल्लक काही नाही.

रिजेक्शनचंही तसंच. ‘लोखंड परत भट्टीत जातं, नुकसान काय?’ असं म्हणतात. लोखंड परत येतं, पण वीज, वाळू, मजुरी जाते. ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) आपल्याकडे शॉट ब्लास्टनंतर (छऱ्यांच्या माऱ्याने केलेल्या सफाईनंतर) दिसलं तर एवढ्यावर भागतं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर दिसलं तर डेबिट नोटमध्ये (आपल्या बिलातून कापलेल्या रकमेच्या कागदात) त्याचं मशीनिंगही येतं, ते कधीकधी नगाच्या किमतीहून जास्त. म्हणून रिजेक्शनची टक्केवारी सरसकट न धरता पॅटर्नवार लिहा, शेजारी पाळी आणि वाळूच्या ओलाव्याची नोंद. साधी वही पुरते. मोल्डरला कॉस्ट शीट दाखवायला लाजू नका. ‘या साच्यात तिसरा नग बसेल’ हे त्याच्याकडूनच कळतं.

कर्ज काढून शिकणाऱ्यांसाठी, मुंबई

२० लाख, १०.५ टक्के, १० वर्षं : हप्ता सुमारे २७ हजार, असं कॅल्क्युलेटर सांगतो. पण अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने व्याज चढत असतं. दर वर्षाच्या सुरुवातीला १०-१० लाख उचलले तर सरळव्याजानेच ४ लाख २० हजार. ते मुद्दलात मिळवलं की हप्ता ३२,६५० च्या आसपास. शिकताना व्याज भरता आलं तर भरा. कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच, आठ वर्षं. ऑफर हातात आली की सीटीसीतून (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) कंपनीचा आणि आपला पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कर आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा पगार) वजा करा, आणि जे महिन्याला खात्यात पडेल त्याच्याशी हप्ता ताडून बघा. व्हेरिएबल पहिल्या वर्षी शून्यच धरा.