बारावीमुळे मुलीचा सराव सुटला, टायमिंग फार मागे गेलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी १५०० आणि ३००० मीटर धावते. शाळेत असल्यापासून नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात सरावाला जाते. यंदा बारावी सायन्स. दिवाळीनंतर क्लास, प्रॅक्टिकल, सराव परीक्षा यांत ट्रॅकवर जाणं कमी कमी होत गेलं आणि जानेवारीपासून पार थांबलं. पेपर संपल्या संपल्या ती मैदानावर गेली. १५०० मीटर ती ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढायची, आता पावणेसहा लागली. ज्या गतीला नाडी १५० च्या आसपास असायची, तिथे घड्याळ १७० दाखवतंय. शेवटच्या फेरीत तोंड उघडं, खांदे कानापर्यंत चढलेले. घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे १०० मीटरचं टायमिंग जवळपास पहिल्यासारखंच आहे. मग दम एवढा कसा गेला?

सर म्हणतात, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ ट्रॅकवर आण, महिन्याभरात भरून काढू. तिचे बाबा म्हणतात, सीईटी होईपर्यंत नावच काढू नका. मधल्या मधे तिची डावी नडगी दुखायला लागली आहे. पावसाळ्यानंतर जिल्ह्याच्या स्पर्धा सुरू होतील, तोवर ती तयार होईल का? दोन वेळचा सराव आत्ताच सुरू करावा का? ज्यांनी स्वतः असा खंड अनुभवलाय त्यांनी कृपया सांगा. पोरगी फार हिरमुसली आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी तिला हे सांगा की असं झालं नसतं तरच नवल होतं. सराव थांबला की पहिला फटका रक्ताला बसतो. थोड्याच दिवसांत रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. तुमचे १७० तिथून आले. स्नायूंमधली ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाही पुढच्या आठवड्यांत मंदावते. जोर आणि वेग मात्र बराच काळ टिकतात, म्हणून १०० मीटर शाबूत राहिलं.

१९८४ साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात खेळाडूंना ८४ दिवस सराव बंद करायला लावला होता. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत ७ टक्के आणि ८४ दिवसांत १६ टक्के उतरली. पण स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं शेवटपर्यंत तसंच होतं, आणि कधीच न धावणाऱ्या माणसांपेक्षा ते तेव्हाही पुढेच होते. तुमच्या मुलीची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेलेली नाही.

दोन वेळचा सराव आत्ता मुळीच नको. दम लवकर परत येतो, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. फुप्फुस ‘पळ’ म्हणतं आणि नडगी तुटायच्या बेताला येते. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर दुखणं शमल्यावर पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून, एक दिवस आड, बोलता येईल अशा गतीने सुरुवात. शेवटी चार-पाच छोटे वेगवान तुकडे. अंतर हळूहळू वाढवा. पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांना भरपूर वेळ आहे.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. दोन गोष्टी जोडते. पहिली, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या. मासिक पाळी सुरू असलेल्या धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार सर्रास आढळतं, आणि तेव्हाही असाच दम लागतो. दुसरी, आपलं ऊन. उन्हाची सवयसुद्धा बंद खोलीत बसून काही आठवड्यांत जाते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता नागपूरचा ट्रॅक तव्यासारखा असतो, तेव्हा काय दोन वेळ पळवणार? पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सच्या सावलीत कच्च्या वाटेवर पळू द्या, नडगीलाही बरं.

आणि बाबांना सांगा, पूर्ण बंद ठेवणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे. आठवड्यातून दोनदा, पण जोर न कमी करता धावलं तरी कमावलेला दम कित्येक आठवडे टिकतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सीईटीच्या अभ्यासातून तेवढा वेळ नक्की निघेल, उलट डोकं ताजं राहील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद तिला वाचायला दिले. १०० मीटरचं कारण कळल्यावर पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. नडगी दाबून पाहिली, कळ एका जागी नाही, पूर्ण हाडाच्या कडेने आहे. तरी दाखवून घेतो, रक्ततपासणीही करतो. आता सरांशी कसं बोलावं हे सुचवा. त्यांचा जीव आहे पोरीवर, त्यांना दुखवायचं नाही.

प्रतिसाद १

तिलाच बोलू द्या, तुम्ही फक्त सोबत बसा. रोज सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी, झोप, नडगीचं दुखणं असं आठवडाभर वहीत लिहून ठेवायला सांगा आणि ती वही सरांसमोर ठेवा. आकडे दिसले की बहुतेक सर स्वतःच सराव कमी करतात.