प्रायोजकत्वाचा प्रस्ताव नेमका कोणासाठी लिहायचा?

लघुपटवेडा

नमस्कार. आमची हौशी मंडळींची संस्था दोन दिवसांचा लघुपट महोत्सव भरवते. आजवरचा खर्च प्रवेशिकांचे शुल्क आणि सभासदांची वर्गणी यांतून भागत आला. या खेपेस मात्र मोठे सभागृह आणि चांगली प्रक्षेपणयंत्रणा घ्यायची असल्यामुळे प्रायोजक शोधणे भाग आहे. प्रस्तावाचा कच्चा मसुदा तयार आहे. त्यात पहिली चार पाने संस्थेचा इतिहास आणि मान्यवरांचे अभिप्राय यांची आहेत, त्यानंतर महोत्सवाची रूपरेषा, मग खर्चाचा तपशीलवार तक्ता आणि शेवटी सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा तीन श्रेणींचे दर आहेत. सुरुवात अशी केली आहे:

"आमची संस्था गेली अनेक वर्षे निःस्वार्थ भावनेने चित्रपटकलेची सेवा करीत असून, नवोदित कलावंतांना हक्काचे व्यासपीठ मिळवून देण्याच्या या पवित्र कार्यात आपल्यासारख्या नामांकित उद्योगसमूहाने सढळ हाताने मदत करावी, ही नम्र विनंती."

खर्चाचा तक्ता द्यावा की नाही, मागायची रक्कम कशाच्या आधारे ठरवावी आणि श्रेणी ठेवाव्यात का, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. मसुद्यातील उणिवा जाणकारांनी निःसंकोच दाखवाव्यात.

टिपणीकार

एका कंपनीच्या जाहिरात विभागात असे प्रस्ताव वाचून त्यांवर शेरा लिहिणे हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे पैसे देणाऱ्याच्या बाजूने काय दिसते तेवढे सांगतो.

आपला प्रस्ताव जो प्रथम वाचतो, त्याच्या हाती पैसे मंजूर करण्याचा अधिकार सहसा नसतो. त्याला तो पटला तर तो वरिष्ठांपुढे ठेवतो, वरिष्ठ वित्त विभागाला विचारतात आणि या दोन्ही ठिकाणी आपण हजर नसता. आपली बाजू मांडायला असतो तो केवळ तो कागद आणि त्यातले दोन-तीन मुद्दे लक्षात राहिलेला एक कर्मचारी. "यातून आपल्याला काय मिळणार?" या वरिष्ठांच्या प्रश्नाला त्या कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते उत्तर त्याच्या हाती देणे हेच प्रस्तावाचे काम आहे. आपला परिच्छेद वाचून तो इतकेच सांगू शकेल की कोणीतरी मदत मागत आहे. मदतीचे अर्ज आमच्याकडे सामाजिक कार्याच्या निधीकडे वळवले जातात. जाहिरातीच्या तरतुदीतून त्यांना पैसे मिळत नाहीत. 'सेवा', 'पवित्र कार्य' आणि 'सढळ हाताने' या शब्दांनी आपला प्रस्ताव पहिल्याच वाक्यात भलत्या टेबलावर जाऊन पडतो.

खर्चाचा तक्ता काढून टाकावा. सभागृहाचे भाडे किती, हा आपला प्रश्न आहे. प्रायोजक त्या भाड्याचा वाटा उचलत नसून आपल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याची संधी विकत घेत असतो. तक्ता दिला की चर्चा ध्वनियंत्रणेवर एवढा खर्च कशाला, इकडे घसरते. (देणगी किंवा अनुदान मागताना मात्र तक्ता हवाच, कारण तिथे हिशेब हाच विश्वासाचा आधार असतो.)

रकमेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महोत्सवाला किती लोक येतात यापेक्षा कोण येतात हे आधी सांगावे: वयोगट, शिक्षण, व्यवसाय, त्यांपैकी किती जण स्वतः चित्रीकरण किंवा संकलन करतात. कॅमेरे, ध्वनिसाहित्य किंवा संकलनाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला आपले छोटे सभागृहसुद्धा मोलाचे वाटेल, कारण अशा ग्राहकांना निवडून गाठणे तिला इतर मार्गांनी महाग पडते. बाकीच्या अनेक कंपन्यांना तेच सभागृह रिकाम्यासारखे वाटेल. तो इतर मार्गांचा खर्च अंदाजाने काढून त्याच्या तुलनेत आपली रक्कम ठेवावी. शिवाय प्रायोजकाचा खर्च आपल्याला दिलेल्या रकमेवर संपत नाही. दालन उभारणे, प्रात्यक्षिकासाठी माणसे पाठवणे, पत्रके छापणे यांवर त्याला वेगळे पैसे घालावे लागतात, आणि वरिष्ठांना तो सगळा आकडा एकत्र दिसतो.

उपस्थितीबाबत एक सूचना आवर्जून करतो. नोंदणीचा आकडा आणि प्रत्यक्ष आलेल्यांचा आकडा वेगवेगळे लिहावेत. "हजारो रसिकांची अलोट गर्दी" असे वाचले की मी तो आकडा मनातल्या मनात निम्मा करतो. "नोंदणी सहाशेच्या आसपास, प्रत्यक्ष उपस्थिती चारशेच्या आतबाहेर" असे वाचले की पुढच्या पानावरच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

पडद्यामागे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. श्रेणींविषयी थोडे लिहिते.

सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही उतरंड आयोजकाच्या सोयीची असते. तिन्ही श्रेणींत बहुधा एकच गोष्ट कमीअधिक आकारात दिलेली असते: फलकावर लोगो मोठा, मध्यम किंवा लहान. प्रायोजकाला त्यापेक्षा किती तरी अधिक मोलाचे वाटते ते आपल्या व्यवसायापुरते एकटे असणे. याचे ठळक उदाहरण 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे आहे. पीटर युबेरॉथ यांच्या नेतृत्वाखालील आयोजन समितीने प्रायोजकांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवली, एका व्यवसायक्षेत्रातून एकच प्रायोजक घेतला आणि त्या एकट्या असण्याची भरघोस किंमत लावली. आधीच्या 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकचे कर्ज फेडायला अनेक वर्षे लागली होती. इथे मात्र 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम शिल्लक राहिली. अर्थात लॉस एंजेलिसमध्ये बरीचशी मैदाने आधीपासून बांधलेली होती, हेही विसरता कामा नये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1985 मध्ये सुरू केलेली जागतिक प्रायोजकांची योजनाही याच तत्त्वावर उभी आहे.

त्याच स्पर्धेतली दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मच्या क्षेत्रात अधिकृत प्रायोजक होती फुजी ही कंपनी. तिची प्रतिस्पर्धी कोडॅक हिने दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात जाहिराती घेतल्या आणि अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला पाठबळ दिले, त्यामुळे ती त्या सोहळ्याशी जोडलेली दिसतच राहिली. आपल्या महोत्सवात एवढी चुरस होणार नाही. पण कॅमेऱ्याच्या कंपनीला आपण एकमेव स्थान द्यायचे आणि स्मरणिकेत तिच्याच प्रतिस्पर्ध्याची पानभर जाहिरात छापायची, असे प्रकार लहान कार्यक्रमांत सर्रास घडतात, कारण प्रायोजक एक जण शोधत असतो आणि स्मरणिकेच्या जाहिराती दुसराच गोळा करत असतो. त्यामुळे कोणते क्षेत्र कोणाला दिले याची यादी एकाच व्यक्तीकडे ठेवावी.

श्रेणींऐवजी आपल्याकडे देण्यासारखे काय काय आहे ते आधी मांडून पाहावे. उत्कृष्ट संकलनाच्या पारितोषिकाला नाव, दिग्दर्शकांबरोबरच्या चर्चासत्राचे यजमानपद, मध्यंतरात उपकरणे हाताळून पाहण्याचे दालन, निवडलेल्या लघुपटांच्या ऑनलाइन प्रदर्शनाआधीची ओळखपट्टी. यांतून प्रत्येक कंपनीसाठी वेगळी जुळणी करावी.

उंबरठा

मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. आपण सगळे कागदाविषयी बोलत आहोत. परंतु लहान व्यवसायांत जाहिरात विभाग नसतो, मालक स्वतः निर्णय घेतो आणि तो आठ पानेसुद्धा वाचत नाही. तिथे आधी भेट घ्यावी, त्याला सध्या कोणता ग्राहक हवा आहे ते विचारावे आणि त्याच्या बोलण्यातूनच एका पानाचा प्रस्ताव तयार करावा.

दुसरे असे की, प्रत्येकाकडे रोख रक्कमच मागण्याचा हट्ट नको. प्रक्षेपणयंत्रणा भाड्याने देणाऱ्याने ती दोन दिवस विनामूल्य दिली, तर आपला खर्च पूर्ण वाचतो आणि त्याला मात्र तेवढे पैसे खिशातून काढावे लागत नाहीत. फक्त अशा मदतीचे मूल्य किती धरायचे हे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर रोख रक्कम देणारा आणि वस्तू देणारा यांच्यात मानापमानाचे नाटक रंगते.

लघुपटवेडा

सर्वांचे मनापासून आभार. श्रेणी आणि तक्ता काढले, संस्थेचा इतिहास एका परिच्छेदात आणून शेवटी नेला. कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी नवी सुरुवात अशी केली आहे:

"स्वतः लघुपट बनवणारे सुमारे चारशे तरुण दोन दिवस एका सभागृहात एकत्र येतात आणि त्यांतील बहुसंख्य येत्या वर्षभरात नवा कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत. या महोत्सवात कॅमेऱ्यांच्या क्षेत्रातील एकमेव प्रायोजक म्हणून आपले दालन, एक प्रात्यक्षिक आणि छायालेखनाचे पारितोषिक असावे, असा आमचा प्रस्ताव आहे. यामुळे आपल्या विक्रीत निश्चित वाढ होईल."

टिपणीकार

आता हा परिच्छेद मी जसाच्या तसा वरिष्ठांना पाठवू शकेन, शेवटचे वाक्य सोडून. विक्री वाढणे आपल्या हातात नाही आणि वित्त विभाग नेमके तेच वाक्य अधोरेखित करून परत पाठवतो. त्याऐवजी जे आपल्या हातात आहे ते लिहावे: दालनाची जागा प्रवेशद्वारापासून सभागृहाच्या वाटेवर असेल, प्रात्यक्षिकाच्या वेळी दुसरा कोणताही कार्यक्रम नसेल आणि महोत्सवानंतर महिनाभरात उपस्थितीचे आकडे, छायाचित्रे व प्रेक्षकांचे अभिप्राय यांचा अहवाल मिळेल. प्रेक्षकांचे संपर्क क्रमांक देण्याचे आश्वासन मात्र देऊ नये. ज्यांनी नोंदणीच्या वेळी तशी स्पष्ट संमती दिली असेल, त्यांचेच क्रमांक देता येतील.

"बहुसंख्य नवा कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत" हे कशावरून, हा प्रश्न येणारच. नोंदणीच्या अर्जात तसा प्रश्न विचारला असेल तर किती जणांपैकी किती जणांनी होकार दिला ते लिहावे. नसेल तर हे विधान वगळून यंदाच्या अर्जात तो प्रश्न घालावा.

प्रस्ताव पाठवण्याची वेळही सांभाळावी. पुष्कळ कंपन्यांत वर्षाची तरतूद वर्ष सुरू होण्याआधीच ठरते, त्यामुळे महोत्सवाच्या तोंडावर आलेला उत्तम प्रस्तावही पैसे उरले नाहीत म्हणून मागे पडतो. पत्रात उत्तराची अपेक्षित तारीख आणि संपर्कासाठी एकाच व्यक्तीचे नाव द्यावे. होकार आला की रक्कम किती हप्त्यांत व केव्हा मिळणार, महोत्सव पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर काय करायचे आणि पुढच्या वर्षी त्याच क्षेत्रासाठी याच कंपनीला प्रथम विचारणा होणार का, हे करारनाम्यात घ्यावे. पहिला हप्ता फलक छपाईला जाण्यापूर्वी हाती येईल अशी तारीख धरावी.