व्हीनस डी मिलोचा कमरेचा सांधा : प्रतिकृतीत कसा साधायचा?

छिन्नीकर : व्हीनस डी मिलोची (लूव्रमधल्या हात नसलेल्या प्राचीन ग्रीक मूर्तीची) संगमरवरी प्रतिकृती करायची आहे, उंची ६० सेंमी. हवा तेवढा लांब निर्दोष दगड मिळत नाहीये, म्हणून दोन तुकड्यांत करायचा विचार आहे. मूळ मूर्तीही कमरेत तुटलेली आहे ना? मग सांधा तिथेच ठेवला तर चालेल? आत लोखंडी सळई पुरेल का?

पारोसचा दगड : कमरेत तुटलेली नाही, घडवतानाच दोन भागांत घडवली आहे. ग्रीसमधल्या पारोस बेटाच्या संगमरवराचे दोन मोठे ठोकळे स्वतंत्र कोरून एकमेकांवर बसवलेत. डावा हात आणि डावं पाऊलही वेगळ्या दगडांचं होतं, दोन्ही आज जागेवर नाहीत. उजव्या स्तनाखाली बुजवलेलं एक भोक दिसतं. उजव्या हाताला आधार देणारी धातूची खीळ तिथे होती.

सांध्याची जागा मात्र मुळातली तशीच घ्या. ती नितंबांच्या उंचीवर, वस्त्राच्या गुंडाळीत आहे. चुण्यांच्या सावलीत रेघ हरवते. हौशी प्रती बेंबीच्या रेषेत कापतात आणि उघड्या त्वचेवर ती रेघ जन्मभर दिसत राहते.

शिसं-ओत : लोखंडी सळई अजिबात नको. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड आतून फाटतो. अथेन्सच्या प्राचीन पार्थेनॉन मंदिरावर हेच झालं. प्राचीन गवंड्यांनी दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडी शिशात बुडवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता बालानोसने केलेल्या दुरुस्तीत शिसं वगळलं, आणि काही दशकांत संगमरवराला तडे गेले. आता तिथे टायटॅनियम वापरतात, ते गंजत नाही आणि तापल्यावर संगमरवराच्या बेतानेच वाढतं.

मूळ मूर्ती २.०४ मीटर, तुमची ०.६०. म्हणजे उंची ३.४ पट कमी, पण वजन सुमारे ३९ पट कमी. घरात ठेवायची असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील पुरे. ८ मिमीच्या दोन खिळी, दोन्हीकडे ४० मिमी खोल. एकच खीळ घातलीत तर वरचा भाग गरकन फिरेल.

छिन्नीकर : भोकं समोरासमोर कशी आणायची?

शिसं-ओत : पुठ्ठ्याचा एकच साचा करून दोन्ही तुकड्यांच्या जुळणाऱ्या तोंडांवर खुणा करा. खालची भोकं ९ मिमी, वरची ११, म्हणजे जुळवायला थोडी जागा उरते. ड्रिलचा हातोडा-मोड बंद ठेवा. पाणी सोडत, डायमंड बिटने. भोकाच्या कडेला बारीक खाच मारा, नाहीतर कोंडलेली हवा इपॉक्सीला (खिळी आणि तुकडे चिकटवायच्या राळेला) बाहेर ढकलते. आधी कोरडंच बसवून बघा. दोन्ही तोंडांवर पॅरालॉइड बी-७२चा (पुन्हा विरघळवता येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचा) पातळ थर द्या, म्हणजे पुढे कधी सांधा सोडवता येतो. इपॉक्सी कडेपर्यंत नेऊ नका, बाहेर आलेली पिवळी पडते.

पारोसचा दगड : आणि सांध्याची बैठक सपाट नसेल तर पाचर ठोकायच्या भानगडीत पडू नका. १८२१ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मूर्ती उभी करताना या सांध्यात लाकडी पाचरी घातल्या होत्या, त्यामुळे धडाचा कल बदलला. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धकाळात मूर्ती पॅरिसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात लपवली, तिथल्या ओलीने सांध्यातलं प्लास्टर सुटलं आणि पाचरी उघड्या पडल्या. लूव्रचे संग्रहप्रमुख रावेसाँ यांनी त्यावर लिहिलं. पन्नास वर्षं लोक भलत्याच कलाची मूर्ती बघत होते!

तोंडं घासताना मधला भाग किंचित खोलगट ठेवा आणि कडेची दोनेक सेंटीमीटरची पट्टीच काचेवर कार्बोरंडम (घासायची कठीण पूड) पसरून जुळवा. ग्रीक गवंडी इमारतींचे दगड असेच बसवत, संपूर्ण पृष्ठभाग घासण्याची मेहनत वाचते. तुमच्या मापाला पट्टी दीड सेंमी केलीत तरी चालेल, पण इपॉक्सी पट्टीवर नको, आतल्या खोलगट भागातच हवी.