हंस्टॅन्टनची काचेची शाळा : जाणकारांकडून माहिती हवी

प्रश्न : वास्तुकलेचा अध्यापक, पुणे

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या माध्यमिक शाळांवर मी विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान तयार करीत आहे. नॉर्फोकमधील हंस्टॅन्टनच्या शाळेचे, म्हणजे आजच्या स्मिथडन हायस्कूलचे, छायाचित्र दाखवले की "सर, हा तर कारखाना दिसतो" असे कोणीतरी हमखास म्हणते. अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुकार दांपत्याने शाळेला असे रूप का दिले आणि आत बसणाऱ्या मुलांना ते कितपत मानवले, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : इतिहासाची शिक्षिका

आपण व्याख्यानाची सुरुवात इमारतीपासून न करता १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून करावी, असे मला वाटते. त्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वांसाठी माध्यमिक शिक्षण विनाशुल्क झाले आणि १९४७ पासून शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ वर आले. त्यामुळे एका इयत्तेएवढी मुले एकाएकी वाढली, तर बॉम्बहल्ल्यांत कितीतरी शाळा पडल्या होत्या. म्हणून सरकारने ठिकठिकाणी काँक्रीटच्या तयार भागांच्या बराकी उभारून वेळ निभावली. अकराव्या वर्षीच्या परीक्षेनंतर ज्यांना ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्यांसाठीच्या निवडक शाळेत, प्रवेश मिळत नसे, त्यांच्यापैकी बहुतेक मुले 'सेकंडरी मॉडर्न' शाळेत जात, आणि हंस्टॅन्टनची शाळा मुळात याच प्रकारची होती. ज्या मुलांना व्यवस्थेने दुय्यम ठरवले होते, त्यांच्या शाळेसाठी खुली स्पर्धा घेऊन उत्तम आराखडा निवडला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उत्तर २ : स्थापत्य अभियंता, नाशिक

स्पर्धेचा निकाल १९५० मध्ये लागला, तेव्हा पीटर सव्वीस वर्षांचे आणि अ‍ॅलिसन अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. पोलादाच्या टंचाईमुळे काम रेंगाळले आणि इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांच्या शिकागोतील इमारतींचा प्रभाव तिच्यावर उघड दिसतो, परंतु स्मिथसन दांपत्याचा आग्रह त्याहून कडक होता : जे आहे ते झाकायचे नाही. पोलादी सांगाडा, विटांच्या भिंती, छताच्या तुळया, विजेच्या नळ्या, सारे उघडे. पाण्याची टाकीसुद्धा गच्चीवर न लपवता स्वतंत्र पोलादी मनोऱ्यावर चढवलेली. हात धुण्याच्या जागी बेसिनांच्या रांगेतील पाणी खालच्या उघड्या पन्हळीत पडते, म्हणजे सांडपाणी कुठून कुठे जाते हे मुलाला उभ्या उभ्या दिसते. आपल्या विद्यार्थ्यांना हा एवढा तपशील जरूर दाखवावा, कारण 'न्यू ब्रुटॅलिझम' (बांधकामाचे साहित्य आणि रचना उघडी ठेवणारी वास्तुशैली) या संज्ञेमागचा विचार मला तरी त्यातून सर्वांत सहज उमगला.

आता दोषाविषयी. काचा वेगळ्या चौकटीत न बसवता थेट पोलादी सांगाड्यातच बसवल्या होत्या. ऊन-थंडीने पोलाद आकुंचन-प्रसरण पावते. काचेला हलायला जागाच नसल्यामुळे ताण तिच्यावर येऊन ती तडकू लागली. त्यातच उन्हाळ्यात वर्ग तापत आणि हिवाळ्यात गारठत.

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

माझी उमेदीची वर्षे पत्र्याच्या छपराच्या शाळेत गेली. पावसाची सर आली की शिकवणे थांबवून फळ्यावर लिहून द्यावे लागे आणि फेब्रुवारी सरता सरता मुले बाके ओढून दाराशी आणत. त्यामुळे शाळेची इमारत कितीही नावाजलेली असली, तरी दुपारी दोन वाजता शेवटच्या बाकावर काय वाटते, हा प्रश्न मी आधी विचारतो. मात्र हंस्टॅन्टनच्या आराखड्यातील एक गोष्ट मला मनापासून आवडली. वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा न ठेवता ठरावीक वर्गांसाठी स्वतंत्र जिने दिले आहेत. वर्गासमोरून दिवसभर वर्दळ नसणे म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यालाच कळते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कायद्यापासून सुरुवात करण्याची सूचना मी स्वीकारतो. छायाचित्रे कोणती निवडावीत?

उत्तर २ : स्थापत्य अभियंता, नाशिक

सुरुवातीचे आणि अलीकडचे अशी दोन शेजारी ठेवावीत. गाजलेली जुनी छायाचित्रे बरीचशी रिकाम्या इमारतीची आहेत. त्यांत मुलेच नाहीत. अलीकडच्या छायाचित्रांत काही काचांच्या जागी काळे फलक दिसतील. ते मूळ रचनेत नव्हते, नंतरच्या दुरुस्तीत आले. इमारतीला १९९३ मध्ये 'ग्रेड दोन तारांकित' दर्जाचे वारसा-संरक्षण मिळाले, त्यामुळे आता अशी दुरुस्तीही परवानगीवाचून करता येत नाही, आणि शाळा आजही तिथेच भरते.