नोकरी सोडताना शिल्लक पीएलचं (कमावलेल्या पगारी रजेचं) काय होतं? सल्ला हवाय

आसावरी_पुणे
नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, दुसरीकडे ऑफर मिळाली म्हणून नुकताच राजीनामा टाकलाय, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. पोर्टलवर भरपूर पीएल शिल्लक दिसतायत, कारण कधी मोठी रजा मागितली की 'सॉफ्टवेअर रिलीज होऊ दे मग घे' हेच ऐकलं. आता एचआर फोनवर म्हणते की राजीनामा देणाऱ्याला रजेचे पैसे नसतात, ते फक्त रिटायर होणाऱ्यांना, आणि नोटीसमध्ये रजाही घेता येणार नाही. असं खरंच असतं का? गृहकर्जाचा हप्ता चालू आहे, माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

घाटमाथा
ताई, फोनवरचं काही धरू नका. आधी ऑफर लेटर आणि लीव्ह पॉलिसी काढून वाचा, आणि आजच्या आज पोर्टलवरच्या लीव्ह बॅलन्सचा स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठवा, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की तुमच्या हातात काहीच पुरावा राहत नाही. सीएल (किरकोळ रजा) आणि सिक लीव्हचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, त्यांची आशा नको. पीएलचं तसं नाही, ती काम करून कमावलेली रजा असते.

कामगारमित्र
'फक्त रिटायर होणाऱ्याला' हे साफ चुकीचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सुरक्षा-आरोग्यवाल्या संहितेत दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा आहे, वर्षात १८० दिवस काम झालेलं हवं (जुन्या कारखाने कायद्यात २४० होतं), आणि माणूस स्वतःहून नोकरी सोडून गेला तरी शिल्लक रजेचं वेतन द्यायचं असं त्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही वीस दिवसांमागे एक आणि ४५ दिवसांपर्यंत साठवायची सोय आहे. पण एक गोष्ट नीट बघा, हे सगळं 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. मॅनेजर पदावर असाल तर कंपनी तिथेच बोट ठेवणार आणि मग करार आणि पॉलिसीत काय लिहिलंय त्यावरच सगळं येतं. तुमचं पद काय आहे?

आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्यांच्या केसमध्ये म्हटलंय की रजेचे पैसे हे पगारासारखेच आहेत, ती मालमत्ता आहे, कायद्याचा आधार नसताना काढून घेता येत नाही. ती सरकारी क्षेत्रातली बँक होती, तुमची खासगी कंपनी, त्यामुळे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण राजीनामा दिला म्हणून हक्क गेला हे बोलणं तिथे टिकलं नाही एवढं नक्की.

आसावरी_पुणे
सीनियर इंजिनिअर, हाताखाली कुणी नाही. पैसे साधारण किती धरू?

हिशेबनीस
बहुतेक कंपन्यांत हे बेसिकवर (मूळ पगारावर) असतं, सीटीसीवर (सगळं धरून सांगितलेल्या पॅकेजवर) नाही, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे अपेक्षा फुगणार नाही. काही कंपन्या बेसिकला ३० ने भागतात, काही २६ ने. समजा बेसिक ३९,००० आणि रजा २०, तर ३० ने २६,००० येतात आणि २६ ने ३०,०००. चार हजारांचा फरक आहे म्हणून भागाकार कसा केला ते विचाराच.

टॅक्सचं सांगतो कारण यात लोकांचे पैसे विनाकारण कापले जातात. नोकरीत असताना रजा विकली तर पूर्ण करपात्र, पण नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेला सूट आहे, राजीनाम्यालाही. खासगीवाल्यांना ही मर्यादा आधी ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली, आणि ती आयुष्यभराची एकत्र असते, दर नोकरीला नवी नाही. शिवाय दहा महिन्यांच्या सरासरी बेसिक-डीएची (महागाई भत्त्याची) वगैरे अट आहे. फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात) टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरताना सूट घ्या.

घाटमाथा
आता मेल टाका, चार ओळींचा, गोड भाषेत. शिल्लक पीएल किती, त्याचं काय करणार, पॉलिसीतल्या कुठल्या कलमानुसार, हे लेखी कळवा म्हणावं. रजा नोटीसमध्ये ॲडजस्ट करून लवकर सोडता का हेही त्यातच विचारा, नवीन कंपनीला लवकर हवे असाल तर तेही फायद्याचं.

आसावरी_पुणे
टाकला मेल, मॅनेजरला सीसी करून. लेखी विचारल्यावर उत्तर आलं की 'पॉलिसी तपासून कळवतो'.

कामगारमित्र
छान. नाहीच म्हणाले तर त्याचं कारणही लेखी घ्या आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आणि फुल अँड फायनलच्या कागदावर 'माझं काही येणं बाकी नाही' असं वाक्य असतं, रजेचा आकडा त्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका.